जुन्या गाडीचा रंग पत्र्यापर्यंत काढायचाय, बजेट कमी आहे, कसं करू?

निळीगाडी:

नमस्कार मंडळी. बाबांची गाडी आता माझ्याकडे आलीये, ३० वर्षांची आहे, इंजिन अजून ठणठणीत, पण रंगाची पार रया गेलीये. मूळ निळी होती, मधल्या काळात किमान दोनदा वरून रंग मारलाय आणि तो कुणी, कसा, कुठला मारला हे सांगणारं आता कुणी नाही. टपावर आणि बोनेटवर बारीक भेगा आहेत, सुकलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा. डिकीच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे आलेत आणि डाव्या मागच्या दरवाजाचा रंग तर नखाने उचलला की पापुद्रा सोलून येतो.

पेंटर ठरवलाय. तो म्हणाला की ताई, तुम्हीच घासून पत्रा करून आणलीत तर मजुरी बरीच कमी होईल, कारण आमचा सगळा वेळ त्यातच जातो. म्हणून ते काम मी करायचं ठरवलंय. माझ्याकडे भावाचा अँगल ग्राइंडर आहे, पॉलिश पेपर आहेत आणि रविवार आहेत. कंप्रेसर नाही. शेड आहे, तीन बाजूंनी मोकळी.

माझा प्लॅन असा की आठवडाभर रजा टाकून सगळी गाडी एकदाच पत्र्यावर आणायची आणि पेंटरची तारीख महिन्याने आहे तेव्हा तशीच घेऊन जायची. आता हे पेंट रिमूव्हरने करू, ग्राइंडरला वायर ब्रश लावून करू, की सरळ सँडब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या जोरावर कण मारून रंग उडवायला, देऊ? पहिल्यांदाच करतेय, जे माहीत असेल ते सगळं सांगा.

पत्रेवाला:

ताई, कशाने काढायचा हे नंतर बोलू, आधी तो महिना प्लॅनमधून काढून टाका. उघडा पत्रा महिनाभर ठेवायचा म्हणजे केलेलं सगळं काम पाण्यात. हवा दमट असेल तर काही तासांत पत्र्यावर पिवळट झाक यायला लागते, आणि जिथे घामाचा हात लागला तिथे दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसतात. ती झाक पुन्हा घासून निघते हो, पण सांध्यात आणि बारीक खड्ड्यांत जी शिरते ती निघत नाही, आणि नवीन रंगाखाली वर्षभरात परत फुगे. एका वेळी एकच पॅनल घ्यायचं, सकाळी उघडायचं आणि संध्याकाळच्या आत त्यावर इपॉक्सी प्रायमर (हार्डनर घालून लावायचा, पत्रा बंद करणारा पहिला थर) चढलेला असला पाहिजे, मग महिना काय नि दोन महिने काय.

दुसरी गोष्ट, सगळ्या गाडीचा रंग काढायची खरंच गरज आहे का ते तपासा. फॅक्टरीत गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या जोरावर प्रायमर चढवतात, तो कोपऱ्याकोपऱ्यात, पत्र्याच्या घडीतसुद्धा जातो. तसा प्रायमर शेडमध्ये कुणालाच लावता येत नाही, पेंटरलाही नाही. तो जिथे घट्ट धरून आहे तिथून खरवडून काढणं म्हणजे गाडीवरचं सगळ्यात चांगलं गंजरोधक स्वतःच्या हाताने घालवणं. त्यामुळे जिथे भेगा आहेत, पोपडे आहेत, फुगे आहेत किंवा थरावर थर चढून रंग जाड झालाय तिथेच खाली जायचं. बाकी ठिकाणी ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने रंगाची चमक घालवून, नीट पुसून, वरून प्रायमर चालतो.

हे ठरवायला तीन गोष्टी करून बघा, एका दुपारी होतात. एक, प्रत्येक पॅनलवर कुठेतरी तळहाताएवढी जागा १२० ने हळूहळू पत्र्यापर्यंत घासा, मधोमध जास्त आणि कडेला कमी, म्हणजे नकाशातल्या रेषांसारखी वर्तुळं दिसतील आणि किती थर आहेत, कुठला कशावर आहे ते कळेल. दोन, पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर (एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, त्या जुन्या पद्धतीच्या रंगाचं थिनर) घेऊन ते रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग घासा. रंग फडक्यावर आला, चिकट झाला तर वरचा थर एनसीचा आहे, आणि त्यावर आजचा टूके रंग, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा, मारला की त्यातलं थिनर खालच्या थराला उचलतं आणि सुरकुत्या पडतात. फडकं स्वच्छ राहिलं तर रंग पक्का आहे. तीन, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या गाडीवरून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे.

फॅक्टरीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे दोन केसांएवढा. कुणाकडे जाडी मोजायचं मीटर मिळालं आणि ३०० च्या वर आकडे आले तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय हे नक्की.

हे करा आणि काय निघतं ते इथे टाका.

रविवारगॅरेज:

पत्रेवाल्यांशी पूर्ण सहमत. मी ब्लास्टिंगबद्दल सांगतो कारण ते मी भोगलंय. माझ्या गाडीचं बोनेट आणि टप एकाकडे ब्लास्टिंगला दिला, परत आलं तेव्हा पत्रा राखाडी, एकसारखा, इतका सुंदर दिसत होता की मला वाटलं काम फत्ते. बोनेटच्या मध्यावर अंगठा टेकवला तर टक्क करून आत, सोडला तर टक्क करून बाहेर, रिकामा डबा दाबल्यासारखं. गाडीचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलीमीटरचा असतो. लोक म्हणतात उष्णतेने वाकतो, पण मुख्य कारण वेगळं आहे, लाखो कण एकाच बाजूने आपटतात आणि तेवढी बाजू ठोकल्यासारखी ताणली जाते, मग पत्र्याला जागा पुरत नाही आणि तो फुगतो. ते सरळ करायला डेंटरचे जे दिवस गेले त्यात सगळी बचत गेली. वर टपाच्या सांध्यात अडकलेले कण प्रायमरच्या वेळी हवेच्या झोताने बाहेर येऊन ओल्या प्रायमरवर बसले ते वेगळंच.

ब्लास्टिंग वाईट नाही. बिजागऱ्या, चासी, सस्पेन्शनचे हात, चाकांच्या रिमा, जिथे लोखंड जाड आहे आणि हात पोचत नाही तिथे त्याच्यासारखं काही नाही. मोठ्या सपाट पॅनलला मात्र देऊ नका, आणि साध्या वाळूने कुणी करत असेल तर त्याच्या जवळही उभ्या राहू नका, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. सोडा ब्लास्टिंगने, म्हणजे वाळूऐवजी खायच्या सोड्याने, पत्रा वाकत नाही पण गंजही निघत नाही, आणि सोड्याचा अंश नीट धुतला नाही तर वरचा रंग धरत नाही.

आता ग्राइंडर. वाटीसारखा वायर ब्रश लावायचा मोह होतो, नका लावू. तो गंज काढल्यासारखा दिसतो पण खड्ड्यातला गंज चकचकीत करून तिथेच ठेवतो आणि पत्राही इतका गुळगुळीत करतो की प्रायमरला धरायला काही उरत नाही. शिवाय तारा सुटतात. माझ्या जाड जॅकेटच्या बाहीत एक तार अशी रुतली होती की पकडीने ओढावी लागली, डोळ्यापासून ती जागा हातभर लांब होती. फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, तीही नको, ती रंगाबरोबर पत्राही खाते.

त्याऐवजी स्ट्रिप डिस्क घ्या. काळी किंवा जांभळी, जाड, भोकाभोकांची, कडक स्पंजसारखी दिसते. ती रंग, गंज, पुट्टी सगळं उडवते आणि पत्रा जवळपास खात नाही. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, म्हणून डिस्कवर छापलेला कमाल वेग त्याहून जास्त आहे ना ते बघूनच घ्या, आणि वेग कमी करता येणारा ग्राइंडर मिळाला तर उत्तमच. एका जागी थांबायचं नाही, सतत हलत राहायचं, मधून मधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघायची, चटका बसला तर दुसरीकडे जायचं. आणि कडा, पत्र्याची घडी, बॉडीवरची धारदार रेघ इथे मशीन अजिबात नाही, तिथे हातानेच, कारण धार एकदा गेली की परत आणणं फार कठीण.

खरवड:

माझं मत थोडं वेगळं. मशीन हातात घेण्याआधी ब्लेड वापरून बघा. दाढीच्या ब्लेडपेक्षा जाड, एका बाजूलाच धार असलेली जी ब्लेडं काच खरवडायला मिळतात ती. तुमच्या डाव्या दरवाजाचा पापुद्रा नखाने निघतोय ना, तो दरवाजा ब्लेडसाठीच आहे. ब्लेडचे दोन्ही कोपरे पेपरवर घासून गोल करा म्हणजे पत्र्यात ओरखडे जाणार नाहीत, पत्र्याशी जवळपास आडवं धरा आणि पुढे ढकला. सुटलेल्या रंगाखाली शिरलं की लांब लांब पट्ट्या निघतात. धूळ नाही, आवाज नाही, पत्रा तापत नाही. जिथे अडतं तिथे केस वाळवायच्या ड्रायरने थोडं कोमट करायचं. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला, बोथट ब्लेडला जोर लावला की ते घसरतं आणि बोटात जातं.

जिथे रंग पक्का आहे आणि तरीही काढायचाच आहे तिथे रिमूव्हर. त्याचं तंत्र असं: आधी ४० किंवा ८० ने रंगावर आडवेउभे ओरखडे मारा म्हणजे तो आत शिरतो. ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा, पुढेमागे फिरवत बसू नका. वरून प्लास्टिकचा कागद पसरवा, नाहीतर तो वाळतो आणि वाळला की त्याचं काम थांबतं. बुडबुडे येऊन रंग उचलला गेला की प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. चार थर असतील तर एका दमात सगळे निघतीलच असं नाही, दोनदा करावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पॅनलच्या कडेपासून दोन बोटं जागा सोडून टेप लावा आणि सांध्यांवर दुहेरी टेप. रिमूव्हर एकदा दरवाजाच्या घडीत किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये गेला की तो तिथे बसून राहतो, आणि नवा रंग झाल्यावर कधीतरी ऊन लागून पाझरतो आणि कडेचा सगळा रंग उचलतो. त्या सोडलेल्या पट्ट्या शेवटी हाताने घासायच्या. सांध्यातलं रबरासारखं सीलंट उकरू नका, उकरावं लागलंच तर इपॉक्सीनंतर नवीन भरा.

बंपर प्लास्टिकचे असतील तर त्यांना रिमूव्हर लावायचाच नाही, ते विरघळतात.

रसायन_विषय:

खरवड यांनी रिमूव्हरची पद्धत बरोबर सांगितली पण डब्यात काय आहे त्यावर बोलायला हवं, म्हणून लिहितोय. जुन्या पद्धतीचे झटपट रिमूव्हर मेथिलीन क्लोराइडचे असतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे वास कमी झाला, आता बरं वाटतंय असं वाटत असतानाही रक्तातला प्राणवायू कमी होत असू शकतो. बंद जागेत काम करताना माणसं गेली आहेत. युरोपात सामान्य ग्राहकांना हे विकणं आधीच बंद झालं होतं, अमेरिकेने २०१९ मध्ये बंद केलं. तुमची शेड तीन बाजूंनी मोकळी आहे ही चांगली गोष्ट, तरी डब्यावर हे नाव दिसलं तर माझा सल्ला आहे की घेऊच नका. साधे निळे नायट्राइलचे हातमोजे त्याला बघता बघता पार होऊ देतात आणि साधा मास्कही पुरत नाही.

बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर मिळतात, हळू काम करतात, तासन्‌तास ठेवावे लागतात, पण घरी काम करणाऱ्याला तेच योग्य. एनएमपी नावाचं सॉल्व्हंट असलेले गरोदर बाईने किंवा मूल होऊ देण्याचा विचार असणारीने हाताळू नयेत. कॉस्टिक सोड्याचे अॅल्युमिनियमवर चालत नाहीत, ते धातूच खातात, म्हणून बोनेट अॅल्युमिनियमचं नाही ना ते आधी चुंबकाने बघा.

आणि धूळ. ३० वर्षांपूर्वीच्या रंगांत आणि प्रायमरांत शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. कापडाचा रुमाल बांधून घासू नका, चेहऱ्याला घट्ट बसणारा पी१०० किंवा एफएफपी३ मास्क घ्या. खाली ओलं प्लास्टिक अंथरा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने गोळा करा. कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि घरच्या कपड्यांत धुवू नका. लहान मुलांना त्या जागेत येऊ देऊ नका. शेडमध्ये हीट गनने रंग जाळू नका, तापलेल्या शिशाचा धूर धुळीपेक्षा वाईट आणि टूके रंग तापला तर आयसोसायनेट नावाची फुप्फुसाला घातक वाफ सुटते.

निळीगाडी:

खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी समजावून सांगत नाही. काल दिवसभर तपासणी केली, लिहून ठेवलंय तसं टाकते.

टप: वर्तुळं चार. वरून खाली, मातकट पांढरा, फिकट निळा, मग गडद निळा, मग राखाडी प्रायमर, मग पत्रा. भेगा वरच्या दोनच थरांत आहेत, गडद निळ्यात एकही नाही, भिंगाने बघितलं.

बोनेट तसंच, पण दोन ठिकाणी भेगांखाली पत्र्यावर काळे ठिपके आहेत.

उजवे दोन्ही दरवाजे आणि डावा पुढचा: पांढरा, फिकट निळा, गडद निळा, सगळं घट्ट. डावा मागचा: पांढऱ्याखाली गुलाबी पुट्टी, जाड, चुंबक तिथे सरळ खाली पडलं, दरवाजाचा खालचा वीतभर भाग. डिकीच्या कडेला फुगा फोडला तर आत तपकिरी भुगा, पत्रा आहे पण खड्ड्याखड्ड्यांचा.

थिनर: पांढरा रंग फडक्यावर लगेच आला. फिकट निळा पण आला, थोड्या वेळाने. गडद निळ्यावर फडकं स्वच्छ!

म्हणजे वरचे दोन्ही एनसी आहेत का?

पत्रेवाला:

हो ताई, आणि ही तुमच्यासाठी फार चांगली बातमी आहे. वरचे दोन्ही थर थिनरने विरघळतात आणि खालचा फॅक्टरीचा भट्टीत भाजलेला निळा विरघळत नाही, म्हणजे काय काढायचं नि कुठे थांबायचं हे थिनरच ठरवणार. टप, उजवे दरवाजे, डावा पुढचा इथे रिमूव्हरही नको आणि ग्राइंडरही नको. जुन्या सुती चादरीचे तुकडे करा, थिनरमध्ये भिजवून पॅनलवर पसरा, वर प्लास्टिक, दहा पंधरा मिनिटं थांबा, मग तोच तुकडा दाबून ओढत पुसा. पांढरं लोण्यासारखं निघून येईल. फडकी घाण झाली की बदला, नाहीतर तोच रंग इकडून तिकडे फासला जातो. खाली निळा लागला की थांबा, तो धुवून वाळवून ३२० ने चमक घालवा, बास.

पण हे थिनर पेट घेतं, एका ठिणगीत. ज्या दिवशी थिनर त्या दिवशी ग्राइंडर शेडमध्ये आणायचाच नाही, गाडीची बॅटरी काढून ठेवायची, सिगरेट वगैरे कुणी येणार असेल तर त्याला लांब. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर. हातमोजे आणि वाफेचा मास्क हवाच, धुळीचा मास्क वाफेला चालत नाही.

पत्र्यापर्यंत जायचं ते फक्त डावा मागचा दरवाजा, डिकीची कड आणि बोनेटवर जिथे काळे ठिपके आहेत तेवढंच. अख्ख्या गाडीचं काम अडीच पॅनलवर आलं.

रविवारगॅरेज:

वा, असं निघालं तर बरंच. एक शंका, पेंटर मान्य करेल का? काही जण म्हणतात पूर्ण पत्राच हवा, नाहीतर मी गॅरंटी देत नाही.

पत्रेवाला:

पेंटरला आत्ताच फोन करून विचारा, हे खरंय. त्याला सांगा की खाली फॅक्टरीचा रंग आहे, थिनरने हलत नाही, भेगा नाहीत. समजणारा पेंटर खूश होईल. आणि तो कुठल्या कंपनीचा माल वापरणार ते विचारून त्याच कंपनीचा इपॉक्सी त्याच्याकडूनच थोडा घ्या, हार्डनरसकट. वेगवेगळ्या कंपन्यांचे थर एकमेकांवर चढवले की काही बिघडलं तर कुणीच जबाबदारी घेत नाही. इपॉक्सीवर किती दिवसांच्या आत न घासता पुढचा थर मारता येतो हे त्याच्या माहितीपत्रकात असतं, ती मुदत गेली तर नुसतं घासून घ्यायचं, काही बिघडत नाही.

कंप्रेसर नाही म्हणून अडू नका. इपॉक्सी बारीक फोमच्या रोलरने लावता येतो. थोडा खरबरीत दिसेल, पण नंतर घासायचाच असतो. दरवाजा एक असेल तर थोडासाच कालवा, एकदा हार्डनर घातला की भांड्यात घट्ट व्हायला लागतो. शेवटचा टूके रंग मात्र स्वतः स्प्रे करायच्या फंदात पडू नका, त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

खरवड:

क्रम लिहून ठेवा, माझ्याकडून एकदा चुकलाय. ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने घासण्याच्या आधीही पुसायचं, नुसतं नंतर नाही. वर्षानुवर्षं लावलेल्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आधी न पुसता घासलं की ते पेपरच्या ओरखड्यांत कोंबलं जातं आणि रंग मारताना फिश आय येतात, गोल गोल खड्डे, रंग तिथून पळतो. दोन फडकी, एक ओलं नि त्याच्या मागोमाग एक कोरडं, वाळायच्या आत. मग घासणं, मग परत पुसणं, मग प्रायमर. उघड्या पत्र्यावर शेवटचा हात ८० ते १८० मधला असू दे, त्याहून गुळगुळीत नको. आणि उघड्या पत्र्यावर पाण्याने घासू नका.

डिकीच्या खड्ड्यांना फॉस्फोरिक अॅसिडचं गंज काढायचं द्रावण लावा, ब्रशने घासत ओलं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करा. अॅसिडचा अंश राहिला तर त्यावर इपॉक्सी धरत नाही.

पुट्टी मी नेहमी इपॉक्सीवर लावतो, पुट्टी पाणी शोषते म्हणून तिच्याखाली काहीतरी बंद असलेलं बरं.

रविवारगॅरेज:

पुट्टी ८० ने घासलेल्या उघड्या पत्र्यावर लावलेली माझी १० वर्षं टिकलीये, दोन्ही चालतं असं मी म्हणेन. फक्त एचिंग प्रायमरवर, म्हणजे ज्यात अॅसिड असतं त्यावर, पुट्टी लावायची नाही, ती नीट धरत नाही. यावर आपलं एकमत असावं.

खरवड:

आहे.

निळीगाडी:

तीन रविवार झाले. पेंटर हो म्हणाला, स्वतः येऊन बघून गेला आणि इपॉक्सी त्यानेच दिला.

टप थिनरने साफ झाला, अगदी सांगितलं तसं. पांढरा निघाला, फिकट निळा निघाला आणि खालून तो गडद निळा ओला ओला चमकत वर आला तेव्हा काही वेळ काहीच सुचेना, हा रंग मी शेवटचा बघितला तेव्हा मागच्या सीटवर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

डावा मागचा दरवाजा ब्लेडने सुरू केला, वरचा अर्धा तासाभरात झाला. खाली पुट्टी स्ट्रिप डिस्कने काढली, करंगळीच्या नखाएवढी जाड होती. खाली जुना पोचा, तो कुणी ठोकून काढलाच नव्हता, नुसता भरलेला. आणि दरवाजाच्या तळाशी पाणी जायची जी भोकं असतात ती मातीने पूर्ण बंद. खिळ्याने उकरल्यावर काळं पाणी आलं! म्हणजे गंज बाहेरून नाही, आतून आलाय. एका ठिकाणी टाचणी टोचली तर आरपार गेली, जागा बोटाच्या पेराएवढी. संध्याकाळपर्यंत बाकी दरवाजाला इपॉक्सी लावून घेतलाय, तेवढी जागा सोडून. तिचं काय करू? फायबरची पट्टी चिकटवून पुट्टी भरू का?

पत्रेवाला:

नको ताई, आतून पाणी येतंय तिथे पट्टी आणि पुट्टी वर्षभरात ओली होऊन सुटते. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा आणि तेवढा तुकडा वेल्डिंग करून बसवून घ्या, छोटंसं काम आहे. वेल्डिंगवाल्याला म्हणावं सलग ओढू नको, एक टिपका इथे, एक तिथे, मध्ये गार होऊ दे, नाहीतर पत्रा वाकतो. आतलं अस्तर, काच, वायर आधी काढा आणि ओली फडकी हाताशी ठेवा. वेल्डिंगच्या जागेवर बाहेरून इपॉक्सी, सांध्याला सीलंट.

आतल्या बाजूला मेणाचा फवारा लागतो, पोकळ भागांसाठी नळीसकट मिळतो. तो सगळ्यात शेवटी, गाडी रंगून घरी आल्यावर. आधी मारला तर ते मेण भोकांतून पाझरतं आणि पेंटरचा रंग तिथे धरत नाही. मारून झालं की पाण्याची भोकं परत एकदा खिळ्याने मोकळी करा.

अजून एक. मूळ रंगच परत करणार असाल तर दरवाजाच्या बिजागरीजवळचा आतला भाग घासू नका. तिथे ऊन लागलेलं नसतं, रंगाची छटा जुळवायला टपापेक्षा तो तुकडा जास्त खरा.

निळीगाडी:

कापून वेल्डिंगच करते मग. बिजागरीजवळ अजून हात लावलेला नाही, तिथला निळा टपावरच्यापेक्षा खरंच एक छटा गडद आहे, दोन्ही एकाच वेळी बघितल्यावर कळतं. त्यावर टेप लावून ठेवलीये आणि टेपवर पेनने लिहिलंय, घासायचं नाही.